सुएझच्या पाण्यावरील सेतुबंध

१९१५ सालच्या फेब्रुवारीच्या तिसऱ्या तारखेस, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात, उस्मानी सुलतानाच्या फौजेतील काही तुकड्या सुएझ कालव्याच्या पूर्वतीरावर, तुसूम आणि सेरापियम या दोन ठाण्यांच्या दरम्यान, पाण्याच्या कडेला येऊन ठेपल्या, तेव्हा त्यांच्यापाशी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या, जर्मन बनावटीच्या नावा होत्या. आणि या नावा सिनाईचे अवघे निर्जल वाळवंट तुडवीत, माणसांच्या व जनावरांच्या बळावर ओढीत त्यांनी तेथवर आणल्या होत्या. पैलतीरावर इंग्रजांच्या चाकरीतील हिंदी पलटणी, त्यांत विशेषेकरून पंजाबी शिपाई, बंदुका रोखून बसल्या होत्या. जेमतेम दोन-चार नावा पश्चिम तीरास लागल्या, बाकीच्या गोळ्यांनी चाळणी होऊन बुडाल्या, आणि जे मूठभर लोक पलीकडे उतरले ते मारले तरी गेले किंवा कैद तरी झाले. कालवा ओलांडण्याच्या त्या मनसुब्याची कथा तेथेच आटोपली. तिचे तात्पर्य त्या वेळच्या सेनापतींनी एवढेच काढले, की हा कालवा म्हणजे खंदक आहे आणि खंदकावर जागता पहारा असला म्हणजे तो ओलांडता येत नाही. पुढे अठ्ठावन्न वर्षांनी त्याच पाण्यावर, आणि त्यांपैकी एका प्रसंगी तर त्याच ठाण्यांच्या अगदी शेजारी, एकामागून एक दोन सैन्यांनी परस्परविरुद्ध दिशांनी पूल टाकले, आणि त्या पुलांच्या भरवशावर एका मोठ्या युद्धाचे पारडे दोनदा फिरले. रणगाड्यांच्या आणि विमानांच्या वर्णनाखाली झाकून गेलेला त्या पुलांचा आणि पूल टाकणाऱ्या सफरमैनांचा वृत्तांत स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे.

१८६९ साली खुला झालेल्या या कालव्याने मुंबई बंदराला युरोपच्या उंबरठ्यावर नेऊन बसवले. १९६७ च्या जून महिन्यातील सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने मिसरकडून सिनाईचा मुलूख घेऊन कालव्याचे पूर्वतीर गाठले, तेव्हा तो बंद पडला, आणि मुंबईहून विलायतेस निघालेल्या जहाजांना पुनश्च आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून, चार हजार मैलांहून अधिक फेरा सोसून जावे लागू लागले. कालव्यातून जात असता लढाईत सापडलेली चौदा व्यापारी जहाजे ग्रेट बिटर या सरोवरात अडकून पडली, ती वर्षानुवर्षे तेथेच नांगर टाकून राहिली. पश्चिम काठावर मिसरची आणि पूर्व काठावर इस्रायलची, अशा दोन फौजा समोरासमोर बसल्या होत्या आणि मध्ये सुमारे दोनशे मीटरांचे पाणी होते.

पाणी दोनशे मीटरांचेच; परंतु सेनेच्या अभियंत्याच्या दृष्टीने यासारखा दुर्घट अडथळा पृथ्वीवर क्वचितच असेल. नदीला उतार असतो, वाळवंट असते, काठ हळूहळू खाली येतो. कालव्याचे काठ मात्र दगडी बांधणीने ताशीव उभे केलेले, पाण्याच्या पृष्ठभागापासून माणसाच्या उंचीहून अधिक वर, आणि पाण्याची खोली सोळा ते वीस मीटर. भरती-ओहोटीमुळे प्रवाह काही तासांनी उलटा फिरतो, दक्षिणेकडे सुएझ शहराजवळ तर त्याचा वेग असा की तराफा सरळ रेषेत ठेवणे कठीण जावे. त्यावर इस्रायलने पूर्वतीरावर वाळूचा एक अखंड बांध उभारला, तो जागोजाग वीस मीटर उंचीचा, आणि पाण्याकडची त्याची उतरण इतकी खडी की तीवर चाक चढणे अशक्य. बांधामागे व बांधात मिळून तीसएक मजबूत ठाणी होती. त्या वेळचे इस्रायली सरसेनापती हाईम बार-लेव्ह यांच्या नावाने ही तटबंदी जगभर ओळखली जाऊ लागली.

१९७१ साली मिसरी सैन्याचे प्रमुखपद जनरल साद अल-शाझली यांच्याकडे आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडथळ्याचा जो विचार केला तो मुळात काळाच्या हिशेबाचा विचार होता. पायदळ रबरी व लाकडी होड्यांतून पलीकडे जाऊ शकते, दोराच्या शिड्यांनी बांध चढू शकते, खांद्यावर वाहून नेलेल्या क्षेपणास्त्रांनी रणगाडेही फोडू शकते; परंतु रणगाडे, तोफा, दारूगोळा आणि रसद पाठीशी आली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायदळ पाण्यात ढकलले जाणार, हे निश्चित. अर्थात कालवा ओलांडण्याची सगळी मोहीम या एकाच प्रश्नावर येऊन थांबली, की पहिला शिपाई पैलतीरास लागल्यापासून पहिला रणगाडा पुलावरून पलीकडे जाईपर्यंत किती तास लागतील? पानिपतच्या मोहिमेत यमुनेच्या पुराने भाऊसाहेबांची फौज एका तीरास खिळली, आणि अब्दाली मात्र बागपतेपाशी उतार काढून अलीकडे आला, त्या दिवशीच त्या मोहिमेचा अर्धा निकाल लागून चुकला, असे मानणाऱ्या मराठी वाचकाला या प्रश्नाचे गांभीर्य निराळे समजावून सांगावयास नको.

पूल टाकण्याच्या आधी वाळूच्या बांधाला खिंडारे पाडणे भाग होते, कारण पुलाचे दुसरे टोक भिंतीला टेकवून काय उपयोग? एका खिंडारासाठी सात मीटर रुंदीचा रस्ता, म्हणजे सुमारे पंधराशे घनमीटर वाळू काढावयाची. सुरुंग आणि बुलडोझर यांच्या साहाय्याने हे काम करून पाहता पाच-सहा तास लागत, तेही शत्रूचा मारा नसताना. शिवाय सुरुंगाने उडालेली वाळू पुष्कळशी पुन्हा जागच्या जागीच येऊन बसे. या अडचणीवरील तोड बाकी झाकी युसेफ नावाच्या एका तरुण अभियंता-अधिकाऱ्याने १९६९ मध्येच सुचवून ठेवली होती. आस्वानच्या उंच धरणाच्या कामावर असताना वाळूचे डोंगर पाण्याच्या जोरदार धारेने वाहवून नेण्याची रीत त्याने पाहिली होती. हाच प्रयोग येथे का करू नये, पाणी तर पायाशीच आहे, असे त्याचे म्हणणे. सेनापतींच्या बैठकीत कनिष्ठ अधिकाऱ्याने असे काही बोलावे आणि ज्येष्ठांनी ते ऐकून घ्यावे, ही गोष्ट कोणत्याही सैन्यात सुलभ नसते. मिसरी सैन्याने ते ऐकून घेतले, प्रयोग करवले, आणि प्रथम इंग्लंडमधून तीनशे व नंतर जर्मनीतून अधिक शक्तीचे दीडशे पंप खरेदी केले. तीन इंग्रजी व दोन जर्मन पंप एका खिंडाराला लावले असता काम दोन तासांत उरकते, असे अनुभवास आले. होडीत बसवलेला पंप कालव्याचे पाणी ओढून नळीतून बांधाच्या पायथ्यावर सोडी, पायथा खचला की वरची वाळू आपोआप खाली येई, आणि तीच धार ती कालव्यात लोटून देई. पाच-सहा तासांचे दोन तास झाले, हा त्या साऱ्या तयारीतील सर्वांत मोठा लाभ, असे मला वाटते. कारण उरलेले सर्व काम या वाचलेल्या तासांवर उभे राहिले.

दुसरा लाभ पुलाचा. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील महानद्यांवरून फौजा उतरवताना सोव्हिएत सैन्याला जे कष्ट पडले, त्यांच्या अनुभवावरून त्या देशातील अभियंत्यांनी युद्धानंतर एक नवा तरता पूल सिद्ध केला. जुन्या रीतीत होड्या निराळ्या, तुळया निराळ्या, फळ्या निराळ्या. शेकडो हातांनी तासन्‌तास खपून ते सारे पाण्यावर जोडावयाचे. नव्या पुलात होडी आणि रस्ता एकच. चार लोखंडी तरंडांचा एक दुमडलेला संच, वजन सुमारे पावणेसात टन, एका सहाचाकी क्राझ मालमोटारीच्या पाठीवर बसवलेला असतो. मोटार उलटी होऊन काठाकडे वेगाने येते, चाके पाण्याला लागताच चालक करकचून ब्रेक दाबतो, खिट्ट्या सुटलेल्या असल्याने संच रुळांवरून घसरत पाण्यात पडतो, आणि पडताक्षणीच आतील पिळाच्या कांबी त्याला झटक्याने उलगडतात, की क्षणापूर्वी जो घडी केलेला लोखंडी डबा दिसत होता तो आठ मीटर रुंद व पावणेसात मीटर लांब असा रस्त्याचा तुकडा होऊन पाण्यावर डोलू लागतो. चार-पाच माणसे त्यावर उडी घेऊन अडसर ठोकतात, एक छोटी यंत्रनौका त्याला रेटून रांगेत आणते, शेजारच्या तुकड्याशी त्याची कडी अडकते, तोवर मागची मालमोटार काठावर उलटी येतच असते. बत्तीस तुकडे मधले आणि चार काठाचे मिळून सव्वादोनशे मीटरांहून किंचित अधिक लांबीचा, साठ टन भार सोसणारा पूल होतो. सुएझ कालव्याची रुंदी जणू मापाला घेऊनच तो संच घडवला असावा, असे वाटण्याइतका हा योग जुळून आला होता. मिसरी सैन्यापाशी सर्वच पूल या नव्या जातीचे नव्हते. महायुद्धकालीन घडणीचे जुने पूलही होते, आणि ते टाकणाऱ्यांना अधिक वेळ व अधिक माणसे खर्ची घालावी लागणार होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

तयारी कशी करावी याचा त्या सैन्याने घालून दिलेला पाठ अभ्यसनीय आहे. कालव्याच्या उत्तर भागात अल-बल्लाह येथे प्रवाहाचे दोन फाटे होतात, आणि तेथील पश्चिमेकडचा फाटा दोन्ही काठांसह मिसरच्या ताब्यात होता. तेथे वाळूचे बांध घालून सफरमैनांच्या तुकड्या एकामागून एक आणल्या जात. प्रत्येक तुकडीला तिचे एकच काम, एकच जागा, एकच क्रम, आणि ते काम ती इतक्या वेळा करी की डोळे बांधले तरी हात चुकू नयेत. शिपायाने पाठीवर किती भार घ्यावा, होडीत कोणी कोठे बसावे, शिडी कोणी सोडावी, येथवरचा सारा तपशील शाझली यांनी ‘आदेश क्रमांक ४१’ या एका लेखी हुकुमात बांधून टाकला. पाच पायदळ विभाग, प्रत्येक विभागाच्या आघाडीवर दोन अवजड पूल, म्हणजे असे दहा. याखेरीज पाच हलके पूल, शत्रूच्या विमानांना फसवण्यासाठी काही लटके पूल, आणि पस्तीस तराफे, अशी एकूण तजवीज ठरली. वाळूच्या बांधाला खिंडारे सत्तर.

मुहूर्त काढण्याचे कामही ज्योतिषाहून सूक्ष्म होते. मिसरी सैन्याच्या मोहीम-विभागाचे प्रमुख अल-गमासी यांच्या देखरेखीखालील दफ्तराने वर्षभराच्या भरती-ओहोटीचे, चंद्राचे व सणावारांचे तक्ते ताडून पाहिले. पूल जोडताना पूर्वरात्री चांदणे हवे, आणि त्यावरून रणगाडे जाऊ लागतील त्या उत्तररात्री अंधार. प्रवाह मंद हवा. शत्रू गाफील हवा. ६ ऑक्टोबर १९७३ हा शनिवार या सर्वांत बसला. मुसलमानांच्या रमझानचा तो दहावा दिवस, आणि यहुद्यांच्या योम किप्पूर या सर्वांत पवित्र उपवासाचा दिवस. मोहिमेला बद्रच्या लढाईचे नाव देण्यात आले. आरंभाची वेळ दुपारची दोनची, यासाठी की पश्चिमेकडे कललेला सूर्य शत्रूच्या डोळ्यांवर यावा, आणि पुलांचे काम सुरू होण्याच्या सुमारास अंधार पडून विमानांचा उपद्रव कमी व्हावा.

त्या दिवशी दुपारी दोन वाजल्यानंतर थोड्याच मिनिटांत सुमारे दोन हजार तोफांनी पूर्वतीर भाजून काढण्यास आरंभ केला, आणि त्या माऱ्याच्या आडोशाने सातशे वीस होड्या पाण्यात उतरल्या. बारा लाटांत बत्तीस हजार पायदळ पलीकडे जावयाचे होते. ठाण्यांत त्या वेळी राखीव शिपाई धरून इस्रायलची सारी मिळून चार-साडेचारशे माणसे होती. शत्रूने कालव्यात तेल सोडून ते पेटवण्याची योजना केली होती असे म्हणत. तिच्या नळ्यांची तोंडे आदल्या रात्रीच पाणबुड्या शिपायांनी बुजवून टाकली होती. पहिल्या लाटांच्या मागोमाग पंपांच्या होड्या गेल्या, आणि धूर, धूळ व स्फोट यांच्या कल्लोळात जागोजाग पाण्याच्या पांढऱ्या धारा वाळूवर आदळू लागल्या. इकडे पश्चिम तीरावर मालमोटारींच्या रांगा आपापल्या जागी येऊन थांबल्या होत्या.

संध्याकाळनंतरचे काही तास त्या सफरमैनांचे होते. रात्री साडेदहाच्या सुमारास, म्हणजे आरंभापासून साडेआठ तासांत, साठ खिंडारे, आठ अवजड पूल, चार हलके पूल आणि एकतीस तराफे सिद्ध झाले होते. उत्तरेकडील दुसऱ्या सेनेच्या आघाडीवर काम ठरल्याप्रमाणे झाले. दक्षिणेत तिसऱ्या सेनेकडे मात्र एक अकल्पित विघ्न उभे राहिले. तेथील बांधाची माती चिकण होती. पाण्याची धार लागताच वाळू वाहून जावी तशी ती वाहून न जाता तिचा चिखल झाला, तो खिंडारात साचला, रणगाड्यांचे पट्टे त्यात रुतू लागले, आणि तो उपसून त्यावर फळ्या, दगड, लोखंडी जाळ्या, हाती लागेल ते टाकीत सफरमैनांना रात्रभर झुंजावे लागले. ज्या १९ व्या विभागाकडे ही दक्षिणेची टोकाची आघाडी होती, त्याच विभागात बाकी झाकी युसेफ अधिकारी होता. स्वतःच्या कल्पनेची ही एकमेव उणीव त्याच्याच सहकाऱ्यांच्या वाट्याला आली. तरीही पहिल्या चोवीस तासांच्या अखेरीस एक लाख माणसे, एक हजारांहून अधिक रणगाडे आणि साडेतेरा हजार वाहने पूर्वतीरास गेली होती. पाण्यावरून एवढे मोठे सैन्य इतक्या अल्पावधीत, समोर शत्रू असताना, नेल्याचे उदाहरण सेतुबंधनाच्या इतिहासात शोधून काढावे लागेल.

इस्रायली वायुदलाने पहिल्या रात्रीपासून या पुलांवर झेप घेतली. परंतु मिसरी क्षेपणास्त्रांची छत्री कालव्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेली होती, आणि जी विमाने तिच्यातून निसटून पुलापर्यंत येत, त्यांच्या बाँबने पुलाचे एक-दोन तुकडे बुडत, पूल मात्र बुडत नसे. तुकड्या-तुकड्यांच्या रचनेचे हे मर्म होते. मोडलेला तुकडा सोडवून बाजूला ढकलावयाचा, काठावर ठेवलेल्या राखीव मोटारीतून नवा तुकडा पाण्यात टाकावयाचा, आणि तासाभराच्या आत रहदारी पुन्हा सुरू. कधी सबंध पूलच यंत्रनौकांनी ओढून काही शे मीटर बाजूला न्यावयाचा, की वैमानिकाने आदल्या दिवशी टिपलेली जागा रिकामी सापडावी. हे काम रात्रंदिवस तोफांच्या माऱ्याखाली चाले आणि त्यात माणसे मरत. मेजर जनरल अहमद हम्दी हे अभियंता-दलातील एक श्रेष्ठ अधिकारी. कैरो विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकलेला, पुलांच्या बांधणीत आयुष्य घातलेला हा मनुष्य आपल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने जेथे उभे राहू नये असे नियम सांगतात, तेथे, पुलाच्या फळ्यांवर, आपल्या शिपायांच्या खांद्याला खांदा लावून उभा असे. १४ ऑक्टोबर रोजी एका पुलाची दुरुस्ती चालू असता तोफगोळ्याने त्यांचा अंत झाला. कालव्याखालून पुढे खोदण्यात आलेल्या बोगद्याला त्यांचे नाव आहे. रणांगणातील मृत्यूचे गौरव पुष्कळ होतात. परंतु इतरांना पलीकडे जाता यावे म्हणून मधोमध उभ्या राहिलेल्या या सेनानीचा मृत्यू मला विशेष थोर वाटतो.

त्याच १४ तारखेस मिसरच्या राजकर्त्यांनी, शाझली यांच्या विरोधास न जुमानता, पूर्वेकडील खिंडींच्या रोखाने रणगाड्यांचा मोठा हल्ला चढवला आणि त्यात अडीचशेच्या सुमारास रणगाडे गमावले. या हल्ल्याकरिता पश्चिम तीरावर राखून ठेवलेले चिलखती विभागही पुलांवरून पूर्वेस नेण्यात आले होते. जे पूल फौज पलीकडे नेण्यास इतके उपकारक ठरले, त्यांनीच पाठीमागचे घर उघडे पाडले. दोष अर्थात पुलांचा नव्हे, मसलतीचा. मिसरच्या दुसऱ्या व तिसऱ्या सेनेच्या मधला, ग्रेट बिटर सरोवराच्या उत्तर टोकाजवळील देवेरस्वारचा सांधा जवळजवळ मोकळा होता, आणि नेमका त्याच जागी इस्रायलच्या एरियल शारोन यांनी आपण त्या देशाच्या दक्षिण आघाडीचे सेनापती असताना पूर्वतीराच्या बांधात एक मोठे आवार आखून, पुढेमागे येथून उलट पार व्हावे लागेल या हिशेबाने तेथील बांध आतून पातळ करून ठेवला होता.

इस्रायलची पुलांची तयारी मात्र मिसरच्या तुलनेने विस्कळीत होती. त्यांच्यापाशी तीन प्रकारची साधने होती. जिलुआ नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघालेली, चाकांवर रस्त्याने धावणारी आणि पाण्यात रबरी फुगे फुगवून स्वतःच तराफा होणारी वाहने ही पहिली. ती जुनी विकत घेतलेली होती, इस्रायली शिपाई त्यांना मगरी म्हणत. दुसरा, लोखंडी पेट्यांचा तरता पूल, ज्याचे मोठमोठे भाग ओढीत आणावे लागत. तिसरे साधन सर्वांहून विलक्षण. सत्तर वर्षांचे वयोवृद्ध अभियंता-अधिकारी डेव्हिड लास्कोव्ह यांच्या कार्यशाळेत घडलेला, पोलादी रुळांवर बसवलेला, सुमारे दोनशे मीटर लांबीचा व चारशे टन वजनाचा एक अखंड पूल, की जो मागून-पुढून रणगाडे जुंपून वाळवंटातून ओढीत आणावा आणि कालव्याशी येताच एका दमात पाण्यावर लोटून द्यावा.

१५ ऑक्टोबरच्या रात्री या तिन्ही साधनांची कसोटी लागली. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डॅनी मॅट यांचे छत्रीधारी सैनिक रबरी होड्यांतून पश्चिम तीरास लागले, त्यांना प्रतिकार जवळजवळ झालाच नाही. पण मागे, काठाकडे येणाऱ्या दोन रस्त्यांच्या शेजारी, ज्या प्रायोगिक शेतीच्या जागेस इस्रायली लोक ‘चिनी शेत’ म्हणत तेथे, मिसरी पायदळ व रणगाडे इतक्या निकराने लढले की पूल वाहून नेणारी वाहने रस्त्यातच कोंडून पडली. लोखंडी रुळांचा तो प्रचंड पूल एका वाळूच्या उतरणीवर ओढणाऱ्या रणगाड्यांची ओढ एकसारखी न राहिल्याने मधोमध मोडला. पहाटे फक्त मगरी पोहोचल्या, आणि त्यांच्यावरून १६ तारखेच्या सकाळी सुमारे तीस रणगाडे एकेक करीत पार झाले. शारोन म्हणत, एवढ्यावरच पुढे मुसंडी मारू. दक्षिण आघाडीची सूत्रे हाती घेतलेले बार-लेव्ह व सरसेनापती एलाझार म्हणत, पूल झाल्याशिवाय एकही रणगाडा अधिक नको. त्या वादात शारोन यांची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. परंतु तराफ्यांच्या भरवशावर सबंध विभाग शत्रूच्या मुलखात सोडून देणाऱ्या सेनापतीचे साहस फळले तरच साहस, न फळले तर आत्मघात, म्हणून पुलाचा आग्रह धरणारेच मला बरोबर वाटतात.

तो पूल रक्ताने विकत घ्यावा लागला. १६ तारखेच्या रात्री छत्रीधारी सैनिकांची एक तुकडी रस्ता मोकळा करण्यास चिनी शेतात घुसली आणि पहाटेपर्यंत तेथेच जखडून मार खात राहिली. शत्रूचे लक्ष तिच्याकडे गुंतले असता शेजारच्या रस्त्याने तरत्या पुलाचे भाग हळूहळू काठावर गेले. शारोन यांनी तयार करून ठेवलेल्या त्या आवारात इस्रायली सफरमैना मिसरी तोफांच्या अखंड वर्षावाखाली ते भाग जोडीत होते, आणि तेथील प्राणहानी फार मोठी झाली. १७ ऑक्टोबरच्या दुपारी चारच्या सुमारास पूल पुरा झाला. त्या रात्रीपासून इस्रायली सेनापती अदान यांचा चिलखती विभाग त्यावरून पश्चिमेस गेला. रुळांचा पूल दुरुस्त होऊन १८ च्या रात्रीनंतर पाण्यावर आला, तो पहिल्याच्या उत्तरेस थोड्या अंतरावर. कैरोतील वरिष्ठांनी हा सारा प्रकार प्रारंभी किरकोळ छापा समजून मनावर घेतला नाही, आणि पहिल्या छत्तीस तासांत, जेव्हा या पुलाचा एकेक भाग काठावर उघडा पडला होता, तेव्हा त्यावर जेवढे बळ लोटावयास हवे होते तेवढे लोटले गेले नाही. स्वतः सेतुबंधाच्या कलेत इतके निष्णात झालेल्या सैन्याला शत्रूच्या सेतूचे मोल उशिरा कळावे, हे त्या युद्धातील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. आठवड्याच्या आत इस्रायली रणगाडे सुएझ शहराच्या वेशीशी पोहोचले, आणि ज्या तिसऱ्या सेनेने चिखलातून मार्ग काढीत पूर्वतीर जिंकले होते, ती तेथेच रसद तुटून वेढली गेली. २२ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांचा तहकुबीचा ठराव झाला, प्रत्यक्ष गोळीबार २४ च्या सुमारास थांबला, आणि कैरो-सुएझ रस्त्यावरील १०१ व्या किलोमीटरच्या दगडापाशी उभारलेल्या तंबूंत दोन्ही बाजूंचे अधिकारी बोलणी करू लागले.

जगातील सैन्यांनी या पुलांचे धडे फार लवकर गिरवले. मालमोटारीवरून पाण्यात पडून उलगडणाऱ्या सोव्हिएत पुलाची रचना अमेरिकन सेनेने उचलली आणि आपला फितीसारखा तरता पूल तिच्यावरून बेतला. त्यापुढे युरोपातही तशा पुलांचा प्रसार झाला. आपल्याकडे पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण संशोधन संघटनेची जी अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे, तेथे कोरड्या नाल्यांकरिता व कालव्यांकरिता घडवलेला ‘सर्वत्र’ हा मालमोटारींवरील पूल पाच तुकड्यांनी पंचाहत्तर मीटरांपर्यंत पोहोचतो. पंजाब व राजस्थानच्या सरहद्दीवरील कालवे डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय ही लांबी व ही घडण समजत नाही.

देवेरस्वारला इस्रायली सैन्याने तरत्या पुलांवर न विसंबता पुढे दगडमाती टाकून कालव्यातून एक बांधच घातला होता. १९७४ च्या जानेवारीत सैन्ये परस्परांपासून दूर करण्याचा करार झाला, त्याप्रमाणे पश्चिम तीरावरील फौज पूर्वेस परत गेली, आणि त्यानंतर कालव्याच्या तळाशी पडलेले सुरुंग, न फुटलेले बाँब, बुडालेली जहाजे व पुलांचे मोडके तरंड बाहेर काढण्याचे काम मिसरी पाणबुड्यांनी अमेरिका, इंग्लंड व फ्रान्स यांच्या आरमारी पथकांच्या साहाय्याने वर्षभर चालवले. तो दगडमातीचा बांधही खणून काढावा लागला. ५ जून १९७५ रोजी, सहा दिवसांच्या युद्धाला तोंड लागल्यापासून बरोबर आठ वर्षांनी, अन्वर सादात एका युद्धनौकेवरून पोर्ट सैदहून दक्षिणेकडे निघाले आणि कालवा व्यापारी जहाजांना पुन्हा खुला झाला.